तेरा लाखांत चार

१५ जून २०२३ रोजी सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. उंची नव्वद मीटरच्या आसपास. होटगी रोडच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांना ती आडवी येते, असं सरकारचं म्हणणं. सभासद शेतकरी रस्त्यावर आले, प्रकरण कोर्टात गेलं, गावात दोन तट पडले. शेवटी चिमणी गेली आणि जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. त्या भांडणात कुणाचं खरं होतं, ते सोलापूरकर आपापसांत ठरवतील. मला त्यातला फक्त आकडा हवा आहे. नव्वद मीटर.

एवढ्या उंचीवरून दगड सोडला आणि हवेचा अडथळा धरला नाही, तर तो ४.३ सेकंदांत जमिनीवर येतो. विमान शिकणारं पोर मरतं ते पुष्कळदा याच उंचीच्या आगेमागे, धावपट्टीच्या अगदी जवळ. त्याचं कारण साधं आहे, पण अंगात मुरायला फार अवघड.

विमान उचलल्यावर लगेच इंजिन बंद पडलं, असं समजा. समोर शेत, झाडं, तारा. मागे नुकतीच सोडलेली सुरक्षित धावपट्टी. पोराला वाटतं, वळावं आणि परत जावं. वळायचं म्हणजे विमान कलवायचं. साठ अंशांत कलवून उंची न सोडता वळायचं म्हटलं की पंखांवरचा भार दुप्पट होतो, आणि ज्या वेगाखाली पंख हवा सोडून देतात, म्हणजे विमान स्टॉल होतं, तो वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ताशी ७० किलोमीटरपर्यंत तग धरणारं विमान त्या वळणात ताशी ९९ लाच कोसळतं. उंची जाऊ नये म्हणून पोरगा नाक वर ओढतो. वेग आणखी घसरतो. एक पंख आधी हवा सोडतो, विमान त्या अंगावर उलटतं आणि गिरक्या घेत खाली येऊ लागतं. यातून बाहेर यायचा रस्ता म्हणजे दांडी पुढे ढकलायची आणि गिरकीच्या उलट दिशेचा रडर दाबायचा. जमीन अंगावर येत असताना नाक आणखी खाली करायचं! कुठल्याही शहाण्या माणसाचा हात हे आपणहून करणार नाही. ते वर, भरपूर उंचीवर, शिक्षकाने पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. त्याला तास लागतात. आणि युद्धात सगळ्यात आधी कात्री लागते ती या तासांना.

या हिशेबात एक मराठी नाव आहे, जे महाराष्ट्रात जवळजवळ कुणाला माहीत नाही. श्रीकृष्ण वेलिंकर. जन्म मुंबईचा, १८९४ चा. शिक्षण केंब्रिजच्या जीझस कॉलेजात. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो विलायतेत शिकणारा विशीतला तरुण होता. त्या युद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसं गेली, शिपाई आणि मजूर धरून. सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. आणि ब्रिटनच्या हवाई दलात वैमानिक म्हणून लढलेले म्हणून ज्यांची नावं सांगता येतात ते हिंदी किती? चार. वेलिंकर, इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक आणि एरॉल सेन. तेरा लाखांत चार म्हणजे सव्वातीन लाखांमागे एक. हा दर सोलापूर शहराला लावला, तर २०११ च्या जनगणनेतल्या साडेनऊ लाखांतून तीन वैमानिकसुद्धा पुरते भरत नाहीत.

हे चौघे हिंदी लष्करातून गेलेच नव्हते. तसं जाता येतही नव्हतं. हिंदी माणसाला राजाची सनद, म्हणजे किंग्ज कमिशन, देण्याची पद्धत नव्हती आणि वैमानिक तर बहुतेक अधिकारीच असत. चौघेही इंग्लंडात शाळा-कॉलेजात होते, म्हणून बाजूच्या दाराने आत शिरले. मलिक ऑक्सफर्डचा. त्याला आधी नकार मिळाला, तो फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका हाकायला गेला. मग त्याच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकाने हवाई दलाच्या जनरलला पत्र लिहिलं आणि काम झालं. फ्रान्सच्या सैन्यासाठी जीव धोक्यात घालायला जो चालतो तो आपल्या सैन्याला का चालू नये, असा त्या पत्राचा रोख होता. तेरा लाख माणसं देणाऱ्या देशातून एक वैमानिक घ्यायला ओळखीची चिठ्ठी लागावी, यावर मी वेगळं काही लिहीत नाही.

आता ही पोरं ज्या कारखान्यात शिरली त्याचा आकार पाहू. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनचं हवाई दल फ्रान्सला गेलं ते चार स्क्वाड्रन, १०५ अधिकारी आणि ६३ विमानं घेऊन. युद्ध थांबलं तेव्हा, सव्वाचार वर्षांनी, त्याच दलाकडे २२ हजारांहून अधिक विमानं आणि २७ हजारांहून अधिक अधिकारी होते. विमानं साडेतीनशे पटींनी वाढली. माणसं शिकवणारे मात्र आकाशातून पडत नाहीत. युद्धाच्या काळात सुमारे २२ हजार वैमानिक तयार केले गेले, आणि पहिली दोन-अडीच वर्षं त्यांना शिकवलं कुणी, तर आघाडीवरून थकून किंवा जखमी होऊन परतलेल्या वैमानिकांनी. त्यातल्या पुष्कळांना शिकवण्यात काडीचा रस नव्हता. हे शिक्षक आपल्या शिष्यांना 'हन' म्हणत. हन म्हणजे त्या काळच्या बोलीत जर्मन. जर्मनांपेक्षा आमची पोरंच आमची विमानं जास्त फोडतात, असा तो विनोद. विनोदात अतिशयोक्ती फार नव्हती.

एकट्याने उडवलेले पंधरा-वीस तास एवढ्या शिदोरीवर १९१६ मध्ये मुलं आघाडीवर जात होती. एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत ब्रिटनने २४५ विमानं गमावली, जर्मनांची ६६ गेली. जर्मन विमानं सरस होती, जर्मन डावपेच सरस होते, हे खरंच. पण महिन्याला दोनशे पोरं पुरवायची तर ती अर्धीकच्चीच पुरवली जातात, हेही तितकंच खरं.

इथे एका प्रसिद्ध आकड्याला थांबवून झडती घेतली पाहिजे. पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांबद्दल कुठेही वाचा, एक वाक्य भेटतंच: ब्रिटनचे १४,१६६ वैमानिक मेले, त्यांतले ८,००० प्रशिक्षणात. म्हणजे निम्म्याहून जास्त शत्रूचं तोंड न पाहताच. डेनिस विंटर या लेखकाच्या १९८२ मधल्या पुस्तकातून हा आकडा पसरला आणि लेखांतून, माहितीपटांतून फिरत राहिला. वाचून डोळे पांढरे होतात, म्हणूनच तो टिकला. पण ब्रिटनची अधिकृत गणती वेगळं सांगते. वैमानिक, निरीक्षक, मेकॅनिक असे सगळे धरून हवाई सेवांतले मृत ६,१६६ आणि बेपत्ता ३,२१२. एकूण ९,३७८. सगळ्या दलाचे मिळून सव्वानऊ हजारांच्या पुढेमागे जात असतील, तर नुसते वैमानिक चौदा हजार कसे मरतील? आणि गंमत बघा, १४,१६६ मधून ८,००० वजा केले की ६,१६६ उरतात, अधिकृत मृतांचा नेमका आकडा. सगळ्या कारणांनी मेलेल्यांच्या बेरजेवर कुणीतरी प्रशिक्षणातले आठ हजार वरून रचले असावेत, असा मला दाट संशय आहे. वर रचलेले आठ हजार कुठून आले, तो हिशेब काही जुळत नाही.

आकडा खोटा निघाला म्हणून दुखणं खोटं होत नाही. त्यासाठी एकाच विमानाचा हिशेब पुरेसा आहे. सॉपविथ कॅमल हे त्या युद्धातलं ब्रिटिशांचं सगळ्यात नामांकित लढाऊ विमान, साडेपाच हजारांच्या आसपास बांधलेलं. ते उडवताना लढाईत ४१३ वैमानिक मेले आणि लढाईबाहेर ३८५. शंभरातले अठ्ठेचाळीस शत्रूशिवाय. कॅमलचं इंजिन स्वतःच गरगर फिरायचं. गोल फिरणाऱ्या त्या धुडाच्या जोरामुळे विमान उजवीकडे झटकन वळे, डावीकडे नाराजीने. तरबेज हाताला हेच वरदान, कच्च्या हाताला उड्डाणानंतरच्या पहिल्याच वळणात मरण. पुन्हा तीच नव्वद मीटरची गोष्ट.

यावर उपाय शोधला तो रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या मेजरने. दक्षिण इंग्लंडात गॉस्पोर्टला १९१६ च्या अखेरीस त्याला एक प्रशिक्षण स्क्वाड्रन मिळाली. तोवरची रीत अशी की शिकाऊने धोक्याच्या कसरतींपासून लांब राहायचं. स्मिथ-बॅरीने ती उलटी केली. एव्हरो ५०४ या दोन आसनी विमानात शिक्षक आणि शिष्य दोघांच्या हाती नियंत्रणं दिली, वाऱ्यात ओरडून घसा फुटू नये म्हणून दोघांच्या टोपांमध्ये बोलण्याची नळी बसवली, आणि पोराला मुद्दाम स्टॉलमध्ये, गिरकीत, आडव्या वाऱ्यात नेलं. पडायचं कसं आणि पडताना सावरायचं कसं, हे आधी उंचावर शिकून घ्या, मग एकटे जा. गिरकीतून सुटता येतं हे १९१२ मध्येच कळलं होतं. विल्फ्रेड पार्क या ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्याने ऐनवेळी उलटा रडर दाबून जीव वाचवला होता. पाच वर्षं ती युक्ती शिकवण्याची सोय कुणी केली नाही. आज जगातला कुठलाही वैमानिक ज्या पद्धतीने शिकतो तिचं मूळ गॉस्पोर्टच्या त्या स्क्वाड्रनमध्ये आहे. युद्धात विमानं बनवणाऱ्यांची नावं रस्त्यांना मिळतात. स्मिथ-बॅरीने वाचवलेली पोरं मोजता येत नाहीत म्हणून त्याचं नाव मागे पडलं, असं मला वाटतं.

वेलिंकर या सगळ्यातून पार पडला. त्याला पंख मिळाले, २३ क्रमांकाची स्क्वाड्रन मिळाली आणि सॉपविथ डॉल्फिन हे विमान. डॉल्फिन एकूण २,०७२ बांधली गेली. त्यात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या सांगाड्यातून बाहेर येत असे. चहूकडे लख्ख दिसायचं, पण उतरताना विमान पालथं झालं तर पहिला आघात मानेवर. पॅराशूट नव्हतंच. ब्रिटनने ते युद्ध संपेपर्यंत आपल्या वैमानिकांना दिलं नाही.

२७ जून १९१८ रोजी गस्तीवर असताना वेलिंकर पाडला गेला. जर्मनांच्या हाती सापडला आणि ३० जूनला त्यांच्याकडेच जखमांनी मेला. वय तेवीस. युद्ध थांबायला साडेचार महिने उरले होते. ब्रिटिशांच्या यादीत तो 'बेपत्ता'. जर्मनांनी त्याला रीतसर पुरलं, वर खूणही लावली, पण त्यांच्या कानांना ते आडनाव कुठून झेपणार? थडग्यावर लिहिलं गेलं एस. सी. वुमकर. मुंबईत त्याच्या घरच्यांना मुलगा मेला की जिवंत हे कळायला वाट पाहावी लागली, आणि हा वुमकर म्हणजेच वेलिंकर हे नक्की व्हायला १९२१ उजाडलं. आज त्याची कबर फ्रान्समध्ये अँगार्डच्या युद्धस्मशानभूमीत आहे, योग्य नावाने. तेवढं तरी झालं. आरासच्या हवाई दल स्मारकावर हजाराच्या जवळपास हवाई सैनिकांची नावं आहेत, ज्यांची कबर सापडलीच नाही. कुणी शोध घेतला नसता तर वेलिंकर त्या भिंतीवर एक ओळ झाला असता.

उरलेल्या तिघांचं काय झालं? इंद्रलाल रॉय कलकत्त्याचा, अठराव्या वर्षी अधिकारी झाला. डिसेंबर १९१७ मध्ये विमान कोसळून असा जखमी झाला की मेला समजून शवागारात ठेवला होता, अशी कथा सांगतात. उडायला अपात्र ठरवलेला तो पोरगा हट्टाने परत आला आणि जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत शत्रूची दहा विमानं त्याच्या नावावर लागली. २२ जुलैला तो गेला. वेलिंकरनंतर तीन आठवड्यांनी, एकोणिसाव्या वर्षी. सेन सप्टेंबर १९१७ मध्ये पाडला जाऊन कैदेत गेला. मलिकच्या विमानाला ऑक्टोबर १९१७ मध्ये चारशेहून जास्त गोळ्यांची भोकं पडली आणि तो तरी वाचला. पायात गोळ्या घेऊन जगला, स्वतंत्र भारताचा राजदूत झाला आणि १९८५ मध्ये गेला. मलिकचाही जन्म १८९४ चाच. एकाच वर्षी जन्मलेले दोन मुलगे, एक तेविसाव्या वर्षी गेला, दुसरा नव्वदीत.

चारांत दोन मृत, एक कैदी, एक जखमी. धड एकही सुटला नाही.

सोलापूरच्या वाचकाला इथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवल्याशिवाय राहणार नाहीत. तेही परक्या भूमीवरच्या युद्धात गेले, १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्यांचं स्मारक सोलापुरात भय्या चौकात आहे, चीनमध्ये त्यांचे पुतळे आहेत. वेलिंकरच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. कारण समजण्यासारखं आहे. कोटणीस माणसं वाचवायला गेले होते आणि काँग्रेसने पाठवले होते. वेलिंकर साम्राज्याच्या बाजूने लढला. त्या लढ्याबद्दल काय वाटून घ्यायचं ते आपण अजून ठरवलेलं नाही. माझं मत विचाराल तर तेवीस वर्षांच्या मुलाचं नाव माहीत असायला राजकारण जुळावं लागू नये.

दुसऱ्या महायुद्धात हे सगळे आकडे आणखी फुगले. कॅनडात ब्रिटिश राष्ट्रकुलाने प्रशिक्षणाची जी योजना चालवली तिच्यातून डिसेंबर १९३९ ते मार्च १९४५ मध्ये १,३१,५५३ हवाई सैनिक बाहेर पडले, त्यांतले ४९,८०८ वैमानिक. सोलापूर शहरातल्या दर सात माणसांमागे एक, एवढी ही पलटण. तिथे शिकताना मेले ८५६. म्हणजे दर दीडशेमागे एक. गॉस्पोर्टच्या पद्धतीचं आणि कॅनडाच्या मोकळ्या आकाशाचं हे फळ. पण तीच मुलं ब्रिटनला पोहोचून मोठ्या बॉम्बफेकी विमानांवर बसली की हिशेब फिरायचा. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सव्वा लाख हवाई सैनिक लढले आणि ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. यांत पाच हजारांहून अधिक तर अजून शिकतच होते. ढगाळ हवा, रात्रीची उड्डाणं, आणि शिकाऊंच्या हाती दिलेली आघाडीवरून निवृत्त केलेली, थकलेली इंजिनं. चांगलं यंत्र लढणाऱ्याला, उरलेलं शिकणाऱ्याला, ही प्रत्येक युद्धातली वाटणी.

अमेरिकेचा आकडा मात्र मी दोनदा तपासून पाहिला, कारण तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पटलाच नव्हता. डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेच्या स्वतःच्या भूमीवर लष्करी विमानांचे ५२,६५१ अपघात झाले आणि १४,९०३ माणसं मेली. भागाकार करून बघा. पावणेचार वर्षं, साधारण १,३५० दिवस. रोज एकोणचाळीस अपघात, रोज अकरा मृत्यू, रविवार आणि नाताळ धरून. या सगळ्या काळात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर शत्रूच्या ज्या वैमानिकाने बॉम्ब टाकले तो एकच, नोबुओ फुजिता. सप्टेंबर १९४२ मध्ये ऑरेगॉनच्या जंगलात त्याने पाणबुडीवरून उडवलेल्या छोट्या विमानातून दोनदा आगीचे बॉम्ब टाकले. मेलं कुणी नाही.

आणि तरीही अमेरिकेने तास कापले नाहीत, हेच तिच्या विजयाचं एक कारण. जर्मनीची वाट उलटी गेली. १९४२ मध्ये तिथल्या नव्या वैमानिकाला अडीचशेच्या आसपास तास मिळत, १९४४ मध्ये शंभरच्या थोडे वर, कारण पेट्रोल संपत आलं होतं. समोरच्या मुलाला त्याच्या दुपटी-तिपटीने सराव. जर्मनीच्या कारखान्यांनी १९४४ मध्ये विमानं तर पूर्वीपेक्षा जास्त बनवली, पण ती उडवणारे हात उरले नव्हते. जपानने याच्यापुढची पायरी गाठली. ज्यांना लढायला पुरेसं शिकवता येत नव्हतं त्यांना शत्रूच्या जहाजावर विमानासकट आदळायला पाठवलं. असे सुमारे ३,८०० गेले, पुष्कळसे विशीतले, काही थेट कॉलेजातून उचललेले.

आपल्याकडे काय चाललं होतं? १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली तेव्हा विमानं होती चार, वापिती जातीची, तीही ब्रिटिशांनी वापरून झालेली. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा सगळं दल मिळून अधिकारी अवघे १६. १९४५ मध्ये त्याच दलात २८,५०० च्या घरात माणसं. सोलापूरला सगळ्यात जवळचं शिक्षणकेंद्र हैदराबादचं बेगमपेठ. १३० अश्वशक्तीच्या टायगर मॉथवर तिथे पोरं पहिले तास गिरवत, मग पुढचं शिक्षण अंबाल्याला. याच भरतीत मुंबईचा एक वीस वर्षांचा मुलगा नोव्हेंबर १९४० मध्ये अधिकारी झाला. हृषीकेश मुळगावकर. ब्रह्मदेशात लढला, १९४८ मध्ये काश्मीरसाठी महावीरचक्र मिळवलं, १९७६ ते १९७८ हवाई दलाचा प्रमुख होता आणि २०१५ मध्ये पुण्यात चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेला. वेलिंकरला मिळू शकलं असतं ते सगळं आयुष्य.

युद्धं संपली म्हणून हा हिशेब संपला नाही. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातल्या सुरतगडहून रात्रीच्या उड्डाणाला निघालेला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ सह कोसळून गेला. ठपका वैमानिकावर ठेवला गेला. त्याची आई कविता गाडगीळ यांनी तो मान्य केला नाही, मिग-२१ च्या सुरक्षेबद्दल वर्षानुवर्षं जाहीर भांडत राहिल्या. पुढे अभिजितच्या वडिलांसह 'जीत' नावाची संस्था काढून विमान शिकवायला लागल्या.

त्या भांडणामागचा आकडा सरकारनेच संसदेत दिला. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेला सांगितलं की भारताने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी १९७१ पासून ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक मेले, ३९ सामान्य नागरिक आणि आणखी आठ जवान. अर्ध्याहून जास्त विमानं. यात सुटे भाग, जुनं तंत्र, पक्षी असं सगळं आहे. पण एक गोष्ट शिकवण्याची आहे. मिग-२१ ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपास वेगाने जमिनीला टेकायचं. शिकाऊ वैमानिक त्याआधी किरणसारख्या, त्याच्यापुढे बऱ्याच संथ विमानावर हात बसवून येत. मधली पायरीच नव्हती. ही पायरी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षक विमान, घ्यावं अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली. ६६ हॉक विमानांचा करार झाला २००४ च्या मार्चमध्ये. बावीस वर्षं! अभिजितने विमान शिकायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधी ती फाइल उघडलेली होती, आणि तो गेला तेव्हाही ती बंद झालेली नव्हती. स्मिथ-बॅरीला जे १९१७ मध्ये समजलं होतं ते दिल्लीतल्या टेबलांवरून सरकायला एवढा वेळ लागला. त्या वेळेत आलेली सरकारं सगळ्या पक्षांची होती, तेव्हा कुणी कुणाकडे बोट दाखवू नये.

आता परत आपल्या भागात. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून उडालेलं एक शिकाऊ विमान सोलापूर जिल्ह्याच्या शेजारी, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. विमानात शिकणारी मुलगी एकटीच होती. किरकोळ जखमांवर वाचली. आजूबाजूचे शेतकरी धावले, तिला बाहेर काढलं. सोलापूरला विमान यायला लागलं, तशी इथल्या घरांतूनही 'पायलट व्हायचंय' हे वाक्य जास्त ऐकू येऊ लागलं आहे, आणि ते ऐकून आईबाप कर्जाचे फॉर्म आणायला लागले आहेत. व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी भारतात २०० तासांची अट आहे, १९१६ च्या त्या पोरांना मिळत होते त्याच्या दहापट. पण हे तास कसे भरतात ते शाळेशाळेवर अवलंबून. पैसे भरण्याआधी तिथे जाऊन दोनच प्रश्न विचारा: यांतले शिक्षकाबरोबरचे तास किती, आणि स्टॉल व गिरकीतून विमान बाहेर काढायला हवेत प्रत्यक्ष शिकवता का, की फक्त फळ्यावर? उत्तर देताना कुणी घुटमळलं, तर दुसरी शाळा बघा.